होडी सरळ की पालथी?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटला खिडक्या भरपूर, पण समोर शेजारची बिल्डिंग. ऊन सकाळी अर्धा तास, तेही लाजत. म्हणून जुन्या फडताळाची दारं काढली, आत एलईडीची पट्टी लावली आणि जवारी मिरचीची सहा रोपं ठेवली. चार बियांपासून केलेली, दोन नर्सरीतून आणलेली.

जुलैत शेंड्याची पानं आकसू लागली. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, घरात सगळ्यांचं लक्ष पंचगंगेच्या पातळीकडे. माझं मिरचीकडे. आधी वाटलं पाणी जास्त होतंय. कमी केलं, तर रोपं मलूल झाली आणि पानं होती तशीच. मग दिव्यावर संशय. दिव्याची धग लागली की त्याच्या अगदी खालच्या पानांच्या कडा वर वळतात, द्रोणासारख्या. पण माझं सगळ्यात वाईट रोप दिव्यापासून लांब, कोपऱ्यात होतं. दिवा सुटला.

कृषी सेवा केंद्रात फोटो दाखवला. "बोकड्या," एवढंच म्हणून त्यांनी फुलकिड्यांचं औषध दिलं. दोनदा फवारलं. फरक शून्य.

शेवटी सासऱ्यांना फोन केला. गडहिंग्लजकडं त्यांनी आयुष्यभर मिरची केली.

"मामा, पानं आकसल्यात."

"आकसल्यात न्हवं पोरी. होडी सरळ हाय का पालथी?"

पानं आकसण्याला बोकड्या हे एकच नाव, पण त्यामागं कारणं वेगवेगळी, हे मला तेव्हा कळलं. फुलकिडे रस शोषतात तेव्हा पान वर वळतं, ती सरळ होडी. कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानांवरचा अगदी बारीक) असेल तर कडा खाली वळतात, ती पालथी होडी; पान अरुंद होतं, देठ लांबतो. पांढऱ्या माशीनं विषाणू आणला असेल तर रोपच खुजं राहतं, ते उपटायचं. माझ्या होड्या सगळ्या पालथ्या होत्या.

मी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका सराफाच्या पेढीवर हिशेब लिहिते. दुसऱ्या दिवशी डबीत दोन कोवळी पानं घेऊन गेले आणि मालकांचं दहा पटीचं भिंग मागितलं. पानाची खालची बाजू, शिरेजवळ. आधी काहीच दिसेना. मग एक पिवळट ठिपका चालू लागला. अंगावर काटाच आला. हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्याला सापडतच नाही. दमट, उबदार हवा त्याला मानवते. म्हणजे बंद खिडक्यांचं माझं फडताळ. पांढऱ्या माशीच्या पायाला धरून तो या झाडावरून त्या झाडावर जातो. माझ्याकडं बहुधा नर्सरीच्या रोपांवरून आला, कारण तीच दोन आधी बिघडली होती. आणि कोळी म्हणजे आठ पायांचा प्राणी, कीटक नव्हेच. फुलकिड्यांचं औषध त्याला कशाला लागू पडेल?

पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पानांच्या खालून, बाथरूममध्ये नेऊन फवारलं. आठवड्यानं पुन्हा. (कडुनिंबाचं तेल मारलं असेल तर गंधकाआधी दोन आठवडे थांबा, पानं करपतात.) वाकडी झालेली पानं सरळ होत नाहीत, त्यांच्याकडं बघत बसू नका. नवा शेंडा बघा. माझा तिसऱ्या आठवड्यात सपाट आला. कोपऱ्यातलं रोप मात्र टाकून दिलं.

मालकांनी भिंग स्पिरिटनं तीनदा पुसून घेतलं. आता मी डबी उघडली की तेच आधी विचारतात, "सरळ का पालथी?"