आमची वाटचाल : आधी वाचन, मग रेषा

1996 साली नाशिकला रविवार कारंजाजवळच्या जुन्या वाड्यात माडी भाड्याने घेतली आणि 'कथाचित्रं, मुखपृष्ठं, सजावट' अशी पाटी लावली. पुरवण्यांची कामं वर्षभर थोडीथोडी यायची. खरा हंगाम दिवाळी अंकांचा. 1909 च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली ही परंपरा, आणि दलाल, सरवटे, बाळ ठाकूर यांची चित्रं पाहून डोळा तयार झालेला वाचक. त्याच्यापुढे काहीतरी गिरगटून चालत नाही.

हे काम निम्मं वाचनाचं आहे. 'ती खिडकीशी उभी होती' या वाक्यावर खिडकीशी उभी बाई काढली, तर लेखकाचंच वाक्य आपण पुन्हा म्हटलं. कांद्याचे भाव पडले की डोळे पुसणारा शेतकरी कुणालाही सुचतो. तशा एका लेखासाठी मी लासलगावच्या बाजार समितीत दिवसभर बसलो. लिलावाच्या रांगेत ट्रॉलीतल्या कांद्यावर गोणपाट टाकून एक माणूस गाढ झोपला होता. तोच काढला. संपादक म्हणाले, "यात दुःख कुठाय?" छापलं मात्र तेच.

न्यूजप्रिंटवर शाई पसरते, बारीक जाळीची छटा भरून काळी होते. म्हणून रेषा मोकळी ठेवायची, हे मी छापखान्यात उभं राहून शिकलो. पुढे रॉट्रिंगच्या शाईपेनाच्या जागी चित्रं काढायचा टॅबलेट आला. रेषेचा हिशोब तोच राहिला.

पैशाचं म्हणाल तर, मानधन अंक निघाल्यावर, कधी पुढचा अंक निघायच्या बेतात आल्यावर. माडीवरच्या चित्रकलेच्या क्लासची फी मात्र महिन्याच्या सुरुवातीला. माडीचं भाडं क्लासनेच भरलं, हे सांगायला लाज कसली?

मुलं येतात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांसाठी. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, त्यामुळे आईबाबा वहीपेक्षा ग्रेडकडे पाहतात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन नीट करून घेतो, पण माझा जीव स्मरणचित्रात. मी गोष्टीतला उतारा मोठ्याने वाचतो. मुलांनी त्यात न लिहिलेलं काहीतरी काढायचं. एकदा आजारी आजोबांच्या गोष्टीवर एका मुलीने फक्त जिन्याखाली ठेवलेली चपलांची जोडी काढली. "सर, ते आता खाली उतरत नाहीत ना." ती आता आमच्याकडेच काम करते, मुखपृष्ठं बहुतेक तिचीच असतात.

परीक्षा आणि दिवाळी अंक नेमके एकाच वेळी अंगावर येतात. गणपतीनंतर आमच्याकडे लग्नघर असतं.

हल्ली काही जण मशीनकडून काढून घेतलेलं चित्र पाठवतात आणि विचारतात, "थोडं सुधारून देता का?" ते काम आम्ही घेत नाही. कथा पाठवा म्हणतो, आणि वाचायला दोन दिवस द्या.