वरचं टिंब नसलेलं पान

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, माझ्या तेरा वर्षांच्या शिष्याचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, फुटला. देशकार राग गात होता. धैवतावर, म्हणजे 'ध'वर, छान ठेहराव घेतला, वर गेला आणि आवाजाचे दोन तुकडे झाले. एक वरच लटकला, दुसरा कुठेतरी खर्जात जाऊन पडला. मागच्या मुली फिस्सकन हसल्या. "पाणी पिऊन येतो ताई," म्हणून तो उठला आणि बाहेर चपलांच्या स्टँडपाशी जाऊन उभा राहिला. पाणी आतच होतं.

आता कबुलीच द्यायची तर तीन आठवडे मला ऐकू येत होतं. गाताना मधेच खरखर यायची. त्याची आई म्हणायची, हळद-दूध देतेय. मी ज्येष्ठमध चघळायला दिला, वर "रियाज कमी पडतोय" असंही सुनावलं. वीस मुली एकदम गात असताना एकीचा निषाद उतरला तर मला स्वयंपाकघरातून कळतं. आणि हे कळलं नाही! खरं म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या क्लासात मुलगे फार टिकत नाहीत. सातवी-आठवीत गळतात. अभ्यास, क्रिकेट, अशी कारणं घरचे सांगतात. त्यातले किती जण असे चपलांच्या स्टँडपाशी उभे राहून मग आलेच नाहीत, याचा हिशोब मी कधी केला नव्हता.

मुलींना वडापाव आणायला पिटाळलं आणि त्याला आत बोलावलं. कंठ फुटला की स्वरतंतू लांब होतात, जाड होतात, आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो, हे मला पुस्तकातून माहीत. पण मी बाई. हे माझ्या गळ्यात कधी घडलेलंच नाही. पेटीवर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा, सा धरला, तो त्याचा कालपर्यंतचा. जमेना. एकेक पट्टी खाली येत काळी एकवर आलो. तिथे त्याच्या तोंडून एक सा निघाला, जाडसर, थोडा घोगरा, पण सरळ. आम्ही दोघंही दचकलो.

मग मोजणी केली. खाली मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत लागतो, वर मध्य पंचमापर्यंत धड, धैवताला नुसता हात लागतो. एवढीच जागा. आणि देशकार हा तर उत्तरांगाचा राग, सगळा डाव वरच्या मजल्यावर. "उद्या गाऊ नकोस, पुढच्या वर्षी बघू," हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. जुन्या गुरूंनी तेच सांगितलं असतं, आणि ओढूनताणून गाण्यापेक्षा गप्प बसणं केव्हाही बरं, हे मलाही पटतं. पण त्यानं विचारलं, "मग मी उद्या तंबोऱ्यावर बसू का?" त्याचा स्वर ऐकून मी गप्प झाले.

देशकाराचे पाच स्वर तेच भूप रागाचे पाच स्वर. सा रे ग प ध. देशकारात धैवत वादी, म्हणजे मुख्य स्वर, भूपात गंधार. भूप पूर्वांगाचा, खाली बसून बोलणारा. फक्त देशकार सकाळचा आणि भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. म्हणून त्याचं नाव सकाळच्या यादीतून काढून संध्याकाळी साडेसातला टाकलं. पण माझ्याकडच्या भूपाच्या सगळ्या बंदिशींचा अंतरा, म्हणजे दुसरा भाग, तार षड्जावर जातो. जाणारच! अंतरा म्हणजे षड्जावर पोचणं, असंच तर आपण शिकवतो.

रात्री जेवणं झाल्यावर पेटी घेऊन बसले. मध्यलय तीनताल, खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, मुखडा: "उतरत आई सांझ ताल पर". 'ताल' म्हणजे तलाव, तलावपाळी डोळ्यांसमोर होती. 'सांझ'मधला 'सां' समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि गंधारावर, त्यामुळे 'आ' मोकळा पसरतो. आधी तिथे 'दिन' घातलं होतं. इकारावर समेला गळा आवळला जातो, या मुलाचा तर नक्कीच. ते काढलं. मधेच मंद्र धैवताला उतरायची एक जागा केली आणि ती मलाच म्हणता येईना. माझी पट्टी काळी पाच. काळी एकच्या खालचा धैवत म्हणजे माझ्या गळ्यात नुसती हवा. पंचवीस वर्षांत स्वतःला न गाता येणारी बंदिश पहिल्यांदाच बांधत होते. अंतरा, "तीर पर दीप एक धरो", पंचमावर ठेवला. धैवताला शिवून परत.

तबल्याच्या काकांना डोंबिवलीला फोन केला. काळी एकचा तबलाही लागेल. मोठ्या तोंडाचा तो. काळी चारचा तबला तेवढा उतरवला तर बोलतच नाही. "उद्या मेगाब्लॉक आहे ताई," एवढंच म्हणाले. सकाळी दोन्ही तबले खांद्यांना लावून, भिजत आले. दुपारी मुलाला बंदिश बसवताना मंद्रातली जागा काकांनीच आपल्या पान खाल्लेल्या आवाजात गुणगुणून दाखवली. वर त्याला म्हणाले, "आपल्या ठाण्याचे राम मराठे १९३८ साली प्रभातच्या सिनेमात कृष्ण झाले होते, तुझ्याएवढेच. त्यांचाही फुटलाच असेल की." पोरगं पहिल्यांदा हसलं.

साडेसातला घंटाळीच्या छोट्या सभागृहात तो बसला. स्थायी, म्हणजे पहिला भाग, बरी गेली. अंतऱ्यात धैवत चिरकला, एकदाच. सकाळपासून चेष्टा करणाऱ्या त्याच मुली पुढच्या रांगेत श्वास रोखून. त्यानं डोळे उघडले नाहीत. पंचमावर आला, थांबला, आणि काकांनी ठेका जरा भरून दिला. बारा मिनिटं गायला.

नंतर चहाच्या वेळी एक जुनेजाणते श्रोते गाठून म्हणाले, "बंदिश कुणाची? अंतऱ्यात षड्ज नाही, हा काय प्रकार?" मी म्हटलं, माझी. त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं. अर्धवट वाटते म्हणाले. मला राग आला, पण घरी येऊन वही उघडली तेव्हा त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, असंही वाटलं. भातखंडे लिपीत मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर. त्या पानावर खालची टिंबं होती, वरचं एकही नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. तो मुलगा अकरावीत आहे, काळी एकमध्येच गातो, दणदणीत. गेल्या महिन्यात नवीन तुकडीतल्या एका मुलीला ती वही उतरवून घ्यायला दिली. तिनं परत आणली तेव्हा तिच्या प्रतीत 'दीप'वर सा लिहून पेन्सिलीनं वर टिंब दिलेलं होतं. "ताई, इथे तुमचा राहिलाय का?"

मी म्हटलं, त्याला विचारून सांगते.