टक्केवारी कशाने भागली?

“शिकलेली वस्ती, तरी मतदान एवढंच!” आज निकालाचा तक्ता बघताना कानावर पडलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मतदानाची टक्केवारी काढताना भागाकार कशाने होतो? मतदार यादीतल्या नावांनी. समजा, एका केंद्राच्या यादीत १००० नावं आहेत आणि मतं पडली ५००. झाले ५० टक्के. पण यादीतले २०० जण घर बदलून निघून गेले असतील, तर तिथे खरोखर राहणाऱ्यांपैकी ६२.५ टक्के लोकांनी मत दिलेलं असतं! भाडेकरू आणि नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी जिथे जास्त, तिथे हा फरक मोठा. घर बदललं की यादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा असतो. तो राहून जातो आणि जुन्या यादीत नाव तसंच राहतं.

वस्तीचा राजकीय कल सांगतानाही निष्कर्ष काढायची हीच घाई. फॉर्म २० मध्ये, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात, केंद्रनिहाय मतं मिळतात. मतदाराचं शिक्षण, जात, उत्पन्न त्यात नसतं. कुणाला किती पडली ते कळतं, कुणी दिली ते नाही. आणि जोडीला जनगणनेचे आकडे घ्यावेत, तर ते २०११ चे.

तुमच्या इमारतीच्या पत्त्यावरची यादी उघडून बघा. त्यातले किती जण आज खरंच तिथे राहतात?