फोटोत विहीर का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच आहे. यवतमाळला कॉलेजच्या मुलींसमोर बोलायला गेले की येतो, गावी गेले की बाबांचे मित्रही विचारतात: तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत वाढलेली पोरगी तू, बियाण्यांच्या आणि फवारणीच्या औषधांच्या जाहिराती लिहितेस, मनाला पटतं का?

लोकांना एखादी गोष्ट पटवून देण्याच्या कामाची मला कधीच लाज वाटली नाही. आमच्या मुलखात ते काम फार मोठ्या माणसांनी केलंय. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, समोरच्यांना प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर आमच्या घरात रोजची. बाबांची तंबाखू सुटली ती भजनाने, कुठल्या पत्रकाने नाही. माझी अडचण वेगळी होती आणि ती मला मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं दाखवली.

मी तेव्हा एका बियाणे कंपनीत होते. 2015 च्या दिवाळीनंतर कपाशीच्या एका वाणाच्या पोस्टरसाठी केळापूर तालुक्यातल्या एका वावरात गेलो. काळी भारी जमीन, विहीर, ठिबक. कपाशी छातीला लागलेली, फांद्या बोंडांनी वाकलेल्या. शेतकऱ्याला ओळीत उभं केलं तर मागे विहीर आणि मोटारीची खोली येत होती. फोटो स्वच्छ यावा म्हणून मीच त्यांना पलीकडे वळायला सांगितलं. पोस्टरवर ओळ टाकली, ‘एकरी 16 क्विंटल’. ती खरी होती. त्यांच्या काटापट्ट्या, म्हणजे कापूस मोजल्याच्या पावत्या, मी स्वतः पाहिल्या होत्या.

पुढच्या जूनमध्ये ते पोस्टर आमच्या गावच्या कृषी केंद्रात लागलं. पोस्टर पुतणीनं केलंय हे दुकानदाराकडून कळलं आणि मोठेबाबांनी तीन पाकिटं घेतली. त्यांचं वावर बरडाचं, म्हणजे हलक्या जमिनीचं, सगळं पावसाच्या भरवशावर. एकरी पाच क्विंटल निघाला. त्या जमिनीला तो काही वाईट उतारा नव्हे, पण त्यांनी खत घातलं होतं ते 16 च्या हिशेबानं, आणि कृषी केंद्राची उधारीही त्याच हिशेबानं वाढली होती.

संक्रांतीला गेले तेव्हा मोठी आई चहा ठेवत होती. मोठेबाबा रागावले नाहीत. दुकानातून मागून आणलेलं पोस्टर त्यांनी खाटेवर उलगडलं आणि फोटोवर बोट ठेवलं. “बाई, याच्या वावरात विहीर आहे म्हन्ते दुकानदार. मंग फोटोत काहून नाही दिसून राह्यली?”

एक अक्षरही खोटं न लिहिता मी माझ्याच घरच्या माणसाला फसवलं होतं. त्या बोटाखालचा कोपरा आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर मी माझी जुनी कामं काढून पाहायला लागले. बीटी कपाशी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष जिच्या झाडातच असतं ती. त्या वर्षांत तिच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या, बिगर बीटी सरकीचं पाकीट मिळायचं. ते कडेच्या ओळींत लावायचं, म्हणजे त्यावर जगलेले साधे पतंग बीटीला न जुमानणाऱ्या पतंगांत मिसळतात आणि अळी लवकर निर्ढावत नाही. कितीतरी जण ते पाकीट धुऱ्यावर फेकून द्यायचे. आम्ही उताऱ्याची पोस्टरं गावोगाव लावली. त्या 120 ग्रॅमबद्दल मी लिहिलेली एकच ओळ होती, घडीपत्रिकेत, मुंगीएवढ्या अक्षरात. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली. कारणं बरीच होती, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात ठेवणं, हेही एक. पण माझ्या धंद्याचा वाटा मला त्यात स्पष्ट दिसतो.

मी लगेच नोकरी सोडली नाही. घराचं कर्ज होतं, मुलगा लहान होता. साहेबांना म्हटलं, उताऱ्याच्या आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात ‘ओलिताखाली, भारी जमीन’ असं लिहू. तशी दोन पोस्टरं निघाली, मग विक्रीवाल्यांनी नको म्हटलं. 2018 ला बाहेर पडले. आता स्वतःच कामं घेते. एका शेतकरी उत्पादक कंपनीची तूरडाळ आहे, एक ठिबकवाले आहेत. पिकाच्या ज्या टॉनिकच्या बाटलीत काय आहे हे मालकच सांगत नाही, त्याचं काम घेत नाही. त्यात बरे पैसे असतात आणि नाही म्हणताना दर वेळी जड जातं.

कीटकनाशकाचं काम मात्र अजूनही करते. हे ऐकून मुली नाराज होतात. त्याच 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. कृषी केंद्राच्या सभेला येतो तो बहुतेक वेळा वावराचा मालक, पत्रकही त्याच्याच हातात पडतं. पाठीवर पंप घेणारा पुष्कळदा रोजानं आलेला मजूर असतो. बाटलीवरचा लाल त्रिकोण सगळ्यात जहरी, मग पिवळा, निळा, हिरवा, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी काम सोडलं तरी बाटल्या विकल्या जाणारच आणि सूचना पुन्हा मुंगीच्या अक्षरात जातील. हा माझा हिशेब. तो सगळ्यांना पटत नाही, कधी कधी मलाही पटत नाही.

सध्या फवारणीच्या सूचना कोलामीत रेकॉर्ड करतो आहोत, कारण केळापूर, झरी जामणीकडे पंप घेणाऱ्यांत कोलाम आदिवासी बरेच आहेत. मागच्या आठवड्यात एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या दिशेनं फवारा. एका तरुणानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि मला विचारलं, “मोजे मालक देईन का?”

मालकांसाठी वेगळं रेकॉर्डिंग लिहायला घेतलं आहे. ते मराठीत आहे, आणि पहिलं वाक्य मोज्यांचंच आहे.