मोमिनाबादची पलटण आणि फ्रान्समधील खेडी

अंबाजोगाईला निजामाच्या काळी मोमिनाबाद म्हणत आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती, हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याच कंटिन्जंटच्या घोडदळातून घडलेली विसावी डेक्कन हॉर्स ही पलटण पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणूनच युरोपला जायचे ठरले तेव्हा पॅरिस थोडक्यात आटोपून, भाड्याच्या गाडीने उत्तर फ्रान्सची खेडी पाहण्याचा आग्रह मी धरला, आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो उचलून धरला.

लील शहराच्या नैऋत्येला नव-शापेल हे छोटेसे गाव आहे. १० मार्च १९१५ रोजी ब्रिटिशांनी येथे जर्मनांवर केलेल्या हल्ल्यात जवळपास निम्मे सैन्य भारतीय होते. गाव पहिल्याच दिवशी हाती आले, पण पुढे सरकता आले नाही आणि काही दिवसांत लढाई थांबली. ज्यांची कबर कधीच सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावे तेथील स्मारकावर आहेत. १९२७ साली खुल्या झालेल्या या स्मारकाचे रचनाकार हर्बर्ट बेकर, म्हणजे दिल्लीतील नॉर्थ आणि साउथ ब्लॉकचेही रचनाकार. गोलाकार भिंतीचा काही भाग दगडी जाळीचा आहे, उरलेल्या भागावर पलटणीवार नावे कोरलेली आहेत. मधोमध उंच स्तंभ, त्याच्या पायथ्याशी दोन वाघ. स्तंभावर ‘ईश्वर एक आहे, विजय त्याचाच आहे’ अशा अर्थाचे वचन आहे.

अण्णांनी चष्मा पुसला, भिंतीजवळ गेले आणि माझ्या मुलीला म्हणाले, “बाळा, नावे मोठ्याने वाच. इतक्या लांब आपल्या भाषेच्या सुरात ती कोण घेणार?” तिने गबरसिंह नेगी यांच्या नावापर्यंत वाचले. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला हा गढवाली जवान याच लढाईत पडला.

तेथून आम्ही सोम नदीच्या खोऱ्याकडे वळलो; १९१६ ची मोठी लढाई तेथेच झाली. दुतर्फा बीटाची शेते होती. उसाच्या पट्ट्यातून आलेल्या अण्णांना बीटाची साखर कशी होते याचे कुतूहल आवरेना. या शेतांत नांगराला आजही जुने तोफगोळे लागतात. जवळजवळ प्रत्येक खेड्यात चर्चशेजारी हुतात्म्यांचा दगड उभा आहे, आणि इतक्याशा गावातून गेलेल्यांची यादी वाचताना त्या गावात तेव्हा मागे उरले तरी कोण असेल, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडला.

लाँग्वालजवळच्या हाय वूड या वनराईसमोरच्या पिकांतून १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी डेक्कन हॉर्सने भाले परजून चाल केली. जर्मन तटबंदी फुटली की घोडदळ आत घुसेल, या आशेवर ही पलटण राखून ठेवलेली होती. ती तटबंदी त्या दिवशी फुटली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घोडेस्वारांना मागे घेण्यात आले, आणि ती वनराई हाती यायला सप्टेंबर उजाडला. तेथे उभे राहून मी मुलीला मोमिनाबादची छावणी सांगितली. अंबाजोगाईच्या शाळांतही हा धडा शिकवला गेला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कोणी त्या बाजूला जाणार असेल तर २०१८ साली भारताने उभारलेले विलेर-गिलेन येथील भारतीय सैनिकांचे स्मारकही पाहावे. आम्हाला तेथे जाता आले नाही.