न उघडायचा लिफाफा

सोमवार, रात्री उशिरा

जपानचं पोलीस प्रमाणपत्र आलं. नवऱ्याकडे अमेरिकेला जायच्या व्हिसासाठी तिथल्या एनव्हीसीने, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरने, दिलेल्या यादीतला हा शेवटचा कागद. ह्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, आणि आज तो हातात आल्यापासून मी कुणाशी धड बोललेले नाही.

लिफाफा बंद आहे. उघडायचा नाही. उघडला की प्रमाणपत्र बाद, मग पुन्हा अर्ज, पुन्हा ठसे, पुन्हा टोकियोकडे डोळे लावून बसणं. मुलाखतीला तसाच न्यायचा आणि तिथल्या अधिकाऱ्याने तो फोडायचा. जपानी दूतावासातल्या काउंटरवरच्या बाईंनी हे इतक्या हळुवारपणे समजावलं की राग यायलाही जागा उरली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी लिफाफा पुढे केला, मीही जुन्या सवयीने दोन्ही हातांनी घेतला, मान आपोआप झुकली. रस्त्यावर आले आणि मग हात थरथरायला लागले.

आत माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंय. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा पाच भाषांत छापलेलं असतं ते. आणि मी ते वाचायचं नाही.

नियम मला पाठ आहेत. वयाच्या १६व्या वर्षानंतर एखाद्या देशात १२ महिने किंवा त्याहून जास्त राहिलं असेल, तर त्या देशाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. माझं मास्टर्स जपानमधलं, म्हणजे लागणारच होतं. तिथे राहत असते तर त्या प्रांताच्या पोलीस मुख्यालयातून मिळालं असतं. बाहेरून मागायचं तर दूतावासात दहाही बोटांचे ठसे द्यायचे, ते टोकियोला राष्ट्रीय पोलीस संस्थेकडे जातात आणि दोन-तीन महिन्यांनी उत्तर येतं. फी काहीच नाही. मात्र कागद कशाला हवा ह्याचा पुरावा लागतो. सहज वाटलं म्हणून स्वतःचं प्रमाणपत्र मागता येत नाही. लिफाफा बंद असतो हेही मी आधीच वाचलं होतं. तरी वाचलेली गोष्ट हातात आल्यावर एवढी जड का व्हावी?

ती रात्र आठवते म्हणून. दुसरं काही कारण नाही.

सायकल सेन्पाईची, म्हणजे लॅबमधल्या सीनियरची होती. तो मायदेशी परतताना मला देऊन गेला, आणि नोंदणी त्याच्याच नावावर राहिली. कडाक्याची थंडी होती, लॅबमधून उशिरा निघाले होते. दिवा चालू होता, सिग्नल तोडलेला नव्हता. कोबानच्या, म्हणजे छोट्या पोलीस चौकीच्या, अलीकडे दोन पोलिसांनी थांबवलं. एकाने चौकटीवरचा नंबर वायरलेसवर वाचून दाखवला. पलीकडून जे नाव आलं ते माझं नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले. ही सायकल कुणाची, तुमच्याकडे कशी आली, तो माणूस आता कुठे आहे. आवाज कुणीही चढवला नाही. मी तेव्हाच्या मोडक्या जपानीत तेच तेच सांगत होते आणि सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं. शेवटी सेन्सेईंना, माझ्या प्राध्यापकांना, फोन झाला, त्या वेळी, झोपेतून उठवून. मग पोलिसांनी वाकून माफी मागितली, जपून जा म्हणाले. मला जाऊ दिलं.

पण दुसरा पोलीस लिहीत होता. रेसिडेन्स कार्ड हातात धरून, एका छोट्या वहीत, माझं नाव, पत्ता, विद्यापीठ. कार्डाला देश सोडताना विमानतळावर भोक पाडलं, ते कार्ड बाद झालं. त्या वहीचं काय झालं?

काहीही झालं नसणार. मला माहीत आहे. त्या प्रमाणपत्रात शिक्षा झालेले गुन्हे येतात, रस्त्यात झालेली चौकशी येत नाही. तिथल्या दंड संहितेच्या कलम ३४-२ प्रमाणे तर दंड भरून ५ वर्षं आणि कैद भोगून १० वर्षं निर्वेध गेली, तर तो गुन्हाही नसल्यासारखाच धरतात. मला दंड नाही, अटक नाही, साधी तक्रार नाही. डीएस-२६० ह्या व्हिसाच्या अर्जामध्ये 'कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का' ह्यापुढे मी 'नाही' लिहिलं, आणि ते खरं आहे. तरी तो प्रश्न समोर आला तेव्हा बोट माउसवर तसंच राहिलं होतं. थांबवणं म्हणजे अटक नव्हे, हे मी तेव्हाही शोधून वाचलं. आज परत वाचलं. उद्याही वाचेन बहुतेक.

बाबांना फोनवर एवढंच म्हणाले की लिफाफ्यामुळे जरा अस्वस्थ वाटतंय. ते म्हणाले, अगं, कर नाही त्याला डर कशाला! प्रेमानेच म्हणाले. पण ही म्हण ज्याने केली त्याला कधी कुणी परक्या गावात, परक्या भाषेत, रात्री सायकलसकट उभं केलं नसावं. डर असायला कर असावा लागत नाही. कुणीतरी विचारलं की पुरतं. मी त्यांना हे बोलले नाही. बोलले असते तर सायकलीचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि आईला झोप लागली नसती.

इथलं पीसीसी, म्हणजे आपल्याकडचं पोलीस प्रमाणपत्र, किती सोपं गेलं. पासपोर्ट सेवेवर अर्ज, ५०० रुपये, पोलीस पडताळणी, आणि हातात उघडा कागद. ह्या व्यक्तीला व्हिसा मिळण्यास अपात्र ठरवेल अशी प्रतिकूल माहिती नोंदीत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य. मी ते परत परत वाचलं होतं. कोरडं सरकारी वाक्य, पण वाचता तर आलं! मी कशी आहे हे माझ्या देशाने मला तोंडावर सांगितलं.

आणि एक गोष्ट कितीही दाबली तरी वर येतेच. नवऱ्याकडून मागितले ते उत्पन्नाचे कागद. टॅक्स रिटर्न, पगाराच्या पावत्या, आय-८६४ हे माझ्या खर्चाच्या हमीचं प्रतिज्ञापत्र. माझ्याकडून मागितलं ते चारित्र्य. लग्न दोघांचं, आणि स्वच्छ आहे हे सिद्ध करायचं मी एकटीने. तो नागरिक आहे, अर्जदार आहे, पद्धत अशीच आहे, हे मला कळतं. पण दूतावासाच्या बेसिनवर बोटांची शाई घासताना हे सगळं कळणं कुठे गेलं होतं कोण जाणे. त्या दिवशी त्याचा फोन आला आणि मी नीट बोलले नाही. त्याला वाटलं दमले असेन.

(लग्नाआधी आई एकदा म्हणाली होती, तिकडे जाऊन तुला सगळं पहिल्यापासून मांडावं लागेल. तेव्हा मी हसले होते. असो.)

आत्ता तासाभरापूर्वी त्याला सांगितलं. सायकल, कोबान, वही, सगळं. तिकडे सकाळ, तो कामाला निघायच्या घाईत होता, तरी थांबला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंस? मी म्हटलं, सांगण्यासारखं काय आहे त्यात. पण होतं, म्हणूनच नव्हतं सांगितलं. मग त्याने जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जामध्ये अटकेबरोबरच पोलिसांनी कधी ताब्यात घेतलंय का, कधी चलन दिलंय का, असंही विचारतात. त्याला एकदा वेगात गाडी चालवल्याबद्दल चलन झालं होतं. पैसे भरले, प्रकरण मिटलं. तरी त्याने कोर्टातून त्याचा कागद मिळवला आणि मुलाखतीला बरोबर नेला. आदल्या रात्री झोपला नव्हता. अधिकाऱ्याने तो कागद बघितलाही नाही म्हणे.

मला आधी रागच आला. हे तू मला ठसे द्यायच्या दिवशी सांगायला हवं होतंस, असं म्हणालेही. मग वाटलं, त्यालाही कुणाला सांगावंसं वाटलं नसेल. आम्ही दोघं एकमेकांपासून अगदी एकसारखीच गोष्ट लपवत होतो, आणि दोघांनीही काही केलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

भीती गेली का? नाही. मुलाखत मुंबईला, तारीख कधी येईल कुणास ठाऊक, आणि तो लिफाफा माझ्यासमोर कुणीतरी फोडेल तेव्हा पोटात गोळा येणारच. येऊ दे. त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असे किती लिफाफे येत असतील, आणि प्रत्येकाबरोबर समोर एक माणूस उभा असेल, स्वतःबद्दल काय लिहिलंय ते न वाचलेला. माझ्यासारखी बरीच असणार. आज एवढं पुरे आहे.

कागद फाइलमध्ये लावले. लग्नाचा दाखला, पीसीसी, आणि लिफाफा वेगळ्या पारदर्शक पाकिटात, म्हणजे घाईत कुणी चुकून उघडायला नको. पीसीसीची मुदत २ वर्षं, ती तारीख कॅलेंडरवर टाकली. जपानच्या कागदाला तशी मुदत नाही, पण एका अटीवर. तो निघाल्यानंतर मी जपानला परत गेलेली नसले तर. नेमकं लॅबमधल्या मैत्रिणीने लग्नाला बोलावलंय, वसंतात, साकुरा फुलायच्या सुमाराला. मी जवळजवळ 'येते' म्हटलंच होतं. मुलाखत कधी लागेल ह्याचा भरवसा नसताना तिकीट काढणं जमणार नाही.

उद्या तिला लिहायला हवं. व्हिसा होईपर्यंत नाही येता येत. ती कारण विचारेल, ती विचारतेच. ह्या वेळी काम आहे वगैरे नाही लिहिणार. खरं ते सांगेन, सायकलीसकट.