जुन्या सिल्व्हराडोच्या गिअरबॉक्समधून ऑईल गळतंय? आधी धुवा, मग शोधा

१९९९ ते २००६ या काळातल्या शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० मध्ये बहुधा ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. गाडीखाली लाल डाग दिसला की पुष्कळदा पहिलं उत्तर ठरलेलं असतं: गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण उतरवायची गरज पडते ती गळती पुढे, टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) बाजूला असली तरच. बाकीच्या जागा गाडीखाली झोपूनच दुरुस्त होतात, आणि बहुतेक वेळा एखादी ओ-रिंग (रबरी कडी) किंवा छोटं सीलच गेलेलं असतं.

थेंब जिथून पडतो तिथूनच गळती आहे असं धरून चालू नका. ऑईल खाली उतरतं आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ओढलं जातं, त्यामुळे पुढची गळती मागच्या क्रॉस मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या पट्टीवर) ठिबकताना दिसते. डीग्रीझर मारून अख्खा गिअरबॉक्स धुवा, वाळवा, १५-२० किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. तरी कळलं नाही तर एटीएफमध्ये, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑईलमध्ये, चालणारा यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाका. ऑईलचा रंगही बघा. ताजं एटीएफ लाल असतं, जुनं तपकिरी होऊन इंजिन ऑईलसारखं दिसतं. शंका असेल तर गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवरचा (पातळी बघायच्या पट्टीवरचा) थेंब आणि खालचा थेंब पांढऱ्या फडक्यावर शेजारी शेजारी टेकवा.

गळती कधी होते यावरूनही अंदाज बांधता येतो. गाडी चालू असतानाच ठिबकत असेल तर दाबाखालच्या जागा आधी बघा: कूलरच्या नळ्या (ऑईल थंड करायला रेडिएटरकडे नेणाऱ्या), सर्व्हो कव्हर (गिअर लावणाऱ्या पिस्टनचं झाकण), पुढचं पंप सील. रात्रभर उभी राहिल्यावरच डाग पडत असेल तर कारण वेगळं. बंद गाडीत कन्व्हर्टरमधलं ऑईल हळूहळू खाली उतरतं, चेंबरमधली (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यातली) पातळी वाढते आणि एरवी कोरडी राहणारी गिअर सिलेक्टर शाफ्टची आणि वायरिंग कनेक्टरची सीलं ऑईलमध्ये बुडतात.

कूलरच्या नळ्या जुन्या ट्रकवर हमखास गळतात. रबरी तुकडा लोखंडी नळीवर दाबून बसवलेला असतो तो जोड, आणि रेडिएटर व गिअरबॉक्सकडची क्विक-कनेक्ट फिटिंग, या दोन जागा आधी तपासा. फिटिंगमधली तारेची क्लिप दरवेळी नवीच घाला आणि बसवल्यावर नळी जोराने ओढून बघा. अर्धवट बसलेली क्लिप महामार्गावर सुटली तर ऑईल बाहेर जायला फार वेळ लागत नाही. नळी गंजली असेल तर पूर्ण बदला. मधला तुकडा कापून पेट्रोलचा पाइप आणि क्लॅम्प लावणं हा जुगाड टिकत नाही. गरम एटीएफसाठी बनवलेलाच पाइप हवा.

उजव्या बाजूला, एक्झॉस्टच्या शेजारी, २-४ सर्व्होचं (दुसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या) गोल झाकण असतं. उष्णतेने त्याची ओ-रिंग कडक होते आणि ओघळ चेंबरच्या कडेवर येतो; मग लोक चेंबरचं गास्केट बदलत बसतात. झाकणाच्या आत स्प्रिंग असते, त्यामुळे आधी ते दाबून धरा, मग झाकण अडवून धरणारी लोखंडी रिंग काढा, आणि डोळ्यांना चष्मा लावा. नवी ओ-रिंग एटीएफने ओली करून झाकण सरळ आत ढकला. तिरकं गेलं तर ओ-रिंग कापली जाते.

आता चेंबर. १६ बोल्ट असतात, आवळायचा जोर (टॉर्क) ११ न्यूटन-मीटर, म्हणजे ९७ इंच-पाउंड. इंच-पाउंड, फूट-पाउंड नव्हे! गळतंय म्हणून बोल्ट आवळत जाण्याने भलं होत नाही: भोकांपाशी पत्रा वर उचलला जातो, दोन बोल्टांच्या मधे फट राहते आणि गळती वाढते. अशी कड सपाट ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सरळ करता येते. मूळ गास्केटच्या आत ताठ चौकट आणि बाहेर रबराच्या रेघा असतात. ते फाटलं नसेल तर पुन्हा वापरता येतं, आणि कॉर्कच्या स्वस्त गास्केटपेक्षा तेच बरं. सिलिकॉन लावू नका. आत सुटलेला तुकडा फिल्टरकडे किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (ऑईलचा दाब वळवणाऱ्या भागात) जाऊ शकतो. चेंबर उतरवताना गिअरच्या केबलचा ब्रॅकेट आड येतो; तो सोडवा, चेंबर वाकवून काढू नका.

चेंबर उघडलाच आहे तर फिल्टरही बदला. त्याचं छोटं सील पुष्कळदा पंपाच्या भोकातच अडकून राहतं. ते न काढता त्यावर नवं बसवलं तर पंप हवा ओढतो. काढताना भोकाच्या भिंतीला ओरखडा जाऊ देऊ नका. तळाच्या चुंबकावर राखाडी गाळ चालतो. पितळेचे तुकडे किंवा काळ्या अस्तराचे कण दिसले तर प्रश्न गळतीपुरता राहिलेला नाही.

टू-व्हील ड्राइव्हमध्ये मागचं सील बदलताना प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी मागच्या जोडावर खूण करा आणि तसाच परत लावा. शाफ्टचा पुढचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) हाताने हलवून बघा. तो डुगडुगत असेल तर बुश झिजलंय, आणि बुश न बदलता घातलेलं सील टिकणार नाही. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये आणखी एक घोळ असतो. एनपी२४६ ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागचा, चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) आतला पंप हलून मागच्या भिंतीला वरच्या बाजूला आतून बारीक भोक पाडतो. ते ऑईलही गाडीच्या मध्यावरच ठिबकतं आणि बोल गिअरबॉक्सला लागतो. त्यातलं ऑटो-ट्रॅक ऑईल ताजं असताना निळं असतं, त्यामुळे सहसा ओळखता येतं.

बेल हाउसिंगमधून (गिअरबॉक्सच्या पुढच्या, इंजिनला जोडलेल्या घेरातून) थेंब पडत असेल तर खालचं झाकण काढून आत बघा. फ्लेक्सप्लेटची (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीची) इंजिनकडची बाजू ओली असेल तर संशय इंजिनच्या मागच्या सीलवर. कन्व्हर्टर ओला असेल तर पंपाचं पुढचं सील. कन्व्हर्टर बाहेरून कोरडा आणि हाउसिंगच्या भिंतीवर ओघळ असेल तर पंपाची मोठी ओ-रिंग. यासाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. वजन ७० किलोच्या आसपास आहे, तेव्हा गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने आणा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना अटकाव लावा, आणि ट्रक स्टँडवर ठेवल्याशिवाय खाली जाऊ नका.

नुसतं सील बदलून गिअरबॉक्स परत चढवणं म्हणजे दुप्पट कामाची तयारी. पुढचं सील बाहेर ढकललं गेलं असेल तर पंपाचं बुश जागा सोडून पुढे आलंय का ते बघा. कन्व्हर्टरच्या हबवर नख फिरवा: खाच लागली तर कन्व्हर्टर बदला. नवं सील चहूबाजूंनी सारखं ठोकून बसवा आणि ओठाला एटीएफ लावा. सील बाहेर येऊ न देणारी पकडही मिळते, ती लावून टाका.

कन्व्हर्टर फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने आत बसतो. हाउसिंग इंजिनला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे. फट नाही म्हणजे तो पंपात पूर्ण बसलेला नाही. तशात हाउसिंगचे बोल्ट आवळून दोन्ही भाग जवळ ओढले तर पंप फुटतो.

ऑईल डेक्सरॉन-सहा वापरा, जुन्या डेक्सरॉन-तीनच्या जागी ते चालतं. नुसता चेंबर काढला असेल तर साधारण ४.७ लिटर लागतं, गिअरबॉक्स पूर्ण रिकामा असेल तर १०.६ लिटरच्या आसपास. सगळं एकदम ओतू नका. आधी चार लिटर घाला, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा, मग थोडं थोडं. पातळी बघायची ती गाडी सपाट जागेवर, पार्कमध्ये, इंजिन चालू आणि ऑईल गरम असताना. जास्त झालं तर फेसाळून व्हेंटमधून (हवा जायच्या तोंडातून) बाहेर येतं आणि तुम्ही पुन्हा गळती शोधायला खाली जाता. कमी राहिलं तर दाब पडतो आणि ३-४ क्लच (तिसऱ्या-चौथ्या गिअरचा) जळतो. या गिअरबॉक्सची ती ठरलेली दुखरी नस आहे. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवून काही दिवस काढून देतात. ट्रक विकायचा नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.